जून लागला की न्यूक्लिओसाइडची यील्ड का कोसळते?

तक्रार दरवर्षी तीच. शुगरला बेस जोडून न्यूक्लिओसाइड बनवणारी, हिवाळ्यात ७० टक्क्यांच्या पुढे यील्ड देणारी फोरब्रुगेन अभिक्रिया मे-जूनमध्ये तिशीत येते. प्रोसिजर तीच, बाटल्या त्याच, काम करणारा मुलगाही तोच. टीएलसीवर (थिन लेयर क्रोमॅटोग्राफीच्या प्लेटवर) एका स्वच्छ स्पॉटऐवजी चार स्पॉट, कॉलममधून निम्मी शुगर परत, आणि आरबीच्या (गोल बुडाच्या फ्लास्कच्या) तळाशी न विरघळलेला पांढरा चुरा. नागपुरात अमरावती रोडवरच्या कॅम्पसमध्ये पीएचडी करणारे असोत की बुटीबोरी-हिंगण्याच्या छोट्या युनिटमध्ये कस्टम सिंथेसिस करणारे, प्रश्न एकच येतो: "सर, चार स्पॉट येऊन राहिले. लुईस ॲसिड वाढवू का?"

नका वाढवू. निदान आज तरी नको. आधी हे ठरवा की दोष पाण्याचा आहे की रसायनाचा. दोन्ही दोष टीएलसीवर दिसायला सारखे असतात, पण उपाय एकमेकांच्या उलट. पाण्याचा दोष असताना ट्रायमिथाइलसिलिल ट्रायफ्लेट (इथलं लुईस ॲसिड) वाढवलं, तर पाणी त्याचं ट्रायफ्लिक ॲसिड करतं आणि जी शुगर वाचली असती तीही काळी पडते.

ज्यांनी ही अभिक्रिया नुकतीच हातात घेतली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७० च्या दशकात बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हेल्मुट फोरब्रुगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. युरॅसिलसारखा बेस आधी सिलिलेट करायचा (त्यावर ट्रायमिथाइलसिलिल गट बसवायचे), म्हणजे तो सेंद्रिय सॉल्व्हंटमध्ये विरघळतो आणि त्याचा नायट्रोजन हल्ला करायला मोकळा होतो. दुसरीकडे १-ॲसिटॉक्सी, २,३,५-ट्रायबेन्झॉइल रायबोज घ्यायची. लुईस ॲसिड तिचा ॲसिटेट काढून घेतं, शेजारचा २-बेन्झॉएट वाकून कॅटायनला खालून आधार देतो, आणि बेसला वरूनच यावं लागतं. म्हणून बीटा, म्हणजे बेस वरच्या बाजूला बसलेलं रूप. सुरुवातीला टिन टेट्राक्लोराइड वापरत, पण त्याचं वर्कअप म्हणजे इमल्शनशी कुस्ती. नंतर ट्रायमिथाइलसिलिल ट्रायफ्लेट आलं आणि आज बहुतेक ठिकाणी तेच चालतं. पुढे मी त्याला नुसतं 'ट्रायफ्लेट' म्हणतो.

टीएलसी खोटं बोलते, म्हणून ती वेळेनुसार वाचा

रिॲक्शन मिक्श्चर कॅपिलरीने उचलून थेट प्लेटवर लावू नका. छोट्या वायलमध्ये थंड बायकार्बोनेटचं पाणी आणि इथाइल ॲसिटेट घ्या, त्यात दोन थेंब टाकून हलवा, वरचा थर लावा. शेजारी सुरुवातीची शुगर आणि कोस्पॉट (दोन्ही एकाच जागी लावलेला ठिपका) हवाच.

आता शुगरच्या खाली एक पसरट, कधी जोड-स्पॉट दिसेल. ही १-हायड्रॉक्सी शुगर, म्हणजे ॲसिटेट गेलेली आणि त्या जागी पाणी बसलेली. अल्फा-बीटा दोन्ही रूपं असल्याने स्पॉट जोडीने दिसतो. इथे बहुतेक जण "पाणी होतं" असा निकाल देऊन मोकळे होतात, पण तो घाईचा असतो. ट्रायफ्लेटने सक्रिय केलेली, अजून बेसला न भिडलेली शुगर तुमच्या वायलमधल्या पाण्याला भेटली तरी हाच स्पॉट देते. म्हणजे अगदी कोरड्या रिॲक्शनमध्येही पहिल्या अर्ध्या तासात तो दिसणारच.

फरक कळतो तो काळावरून. दर तासाला टीएलसी काढा. स्पॉट फिका होत जातोय आणि प्रॉडक्ट गडद होतंय, तर रिॲक्शन चालू आहे, हात लावू नका. स्पॉट तीन-चार तास जिथल्या तिथे आहे, प्रॉडक्टही अडकलंय आणि तळाशी पांढरे कण आलेत, तर बेसचे सिलिल गट पाण्याने खाल्ले आहेत. ते कण म्हणजे परत आलेला युरॅसिल. सक्रिय शुगर वाट बघतेय, पण तिला भेटायला बेसच उरलेला नाही.

स्पॉट अडकलाय पण फ्लास्क आरपार स्वच्छ आहे, असंही होतं. ते प्रकरण वेगळं, त्याकडे खाली येतो.

पाण्याचा हिशेब एकदा कागदावर करा

समजा १ मिलिमोल शुगर, सॉल्व्हंट म्हणून १० मिली ॲसिटोनायट्राइल. बाटली आठवडाभर उघड-बंद होतेय, त्यात ०.१ टक्के पाणी धरलं तर ते सुमारे ८ मिलिग्रॅम होतं, म्हणजे ०.४४ मिलिमोल. पाण्याचा एक रेणू दोन सिलिल गट घेऊन हेक्झामिथाइलडायसिलॉक्झेन होतो. तुमच्या युरॅसिलवर मिळून सिलिल गट आहेत दोन मिलिमोल. त्यातले जवळपास निम्मे एवढ्यातच धोक्यात.

हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सॉल्व्हंट ड्राय करतात. हवेचा हिशेब मात्र कोणी करत नाही. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या १ लिटर हवेत सुमारे २४ मिलिग्रॅम पाणी असतं. म्हणजे १.३५ मिलिमोल! रोटावर (रोटरी इव्हॅपोरेटरवर) एचएमडीएस (हेक्झामिथाइलडायसिलाझेन, म्हणजे सिलिल गट देणारं रसायन) उडवून झालं, आतमध्ये चकचकीत सिलिलेटेड बेस आहे, आणि मुलगा नळी काढून व्हॅक्यूम सोडतो. ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि २५० मिलीच्या आरबीत जुलैची हवा शिरते. तिच्यासोबत ६ मिलिग्रॅम पाणी, ०.३४ मिलिमोल. काठाशी तेलावर पांढरी साय धरते ती इथे. ॲसिटोनायट्राइल घातल्यावर द्रावण पूर्ण नितळ होत नाही, किंचित दुधाळ राहतं. हे दिसलं की पुढे ट्रायफ्लेट टाकून पैसे वाया घालवू नका. थोडं एचएमडीएस घालून पुन्हा तासभर रिफ्लक्स करा.

एक सावधगिरी: सिलिलेटेड युरॅसिल साधारण ३१ ते ३३ अंशांना वितळतो. नागपुरात तो आठ महिने तेल असतो आणि डिसेंबरात रात्रीतून घट्ट होतो. घट्ट झाला म्हणजे बिघडला असं नाही. कोरड्या ॲसिटोनायट्राइलमध्ये नितळ विरघळला तर तो चांगलाच आहे.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. ५० मिलिमोलच्या बॅचला २ लिटरच्या आरबीत शिरलेली हवा फारशी सतावत नाही, जेमतेम २.७ मिलिमोल पाणी. तिथे ५०० मिली सॉल्व्हंटमधलं २२ मिलिमोल पाणी मारतं. छोट्या स्केलवर हवा शत्रू, मोठ्या स्केलवर सॉल्व्हंट. "ग्रॅममध्ये चालते, मिलिग्रॅममध्ये नाही" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

मे महिना तर कोरडा असतो ना?

बाहेर असतो. नवतप्यात ४४ अंश आणि १२ टक्के आर्द्रतेच्या हवेत लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम पाणी. पण लॅबमध्ये खिडकीला कूलर लागलेला असतो. खसच्या ताट्यांतून येणारी ती गार हवा ३० अंशांना आणि ७० टक्के आर्द्रतेला सहज पोचते, म्हणजे लिटरमागे २१ मिलिग्रॅम. तुम्ही बाहेरच्या कोरड्या हवेला पाणी पाजून आत घेताय. मुंबईचा माणूस वर्षभर दमटपणा गृहीत धरून काम करतो, म्हणून सावध असतो. आपल्याकडे "उन्हाळा आहे, सगळं कोरडंच" या समजुतीने घात होतो. जूनमधल्या अपयशाचं खापर पावसाळ्यावर फोडायचं, आणि मेमधल्या फसलेल्या बॅचचं कारण कोणी शोधतच नाही.

कूलर बंद करा असं मी म्हणणार नाही, माणसं काम करतील कशी? पण कूलरचा झोत रोटा आणि फ्यूम हूडच्या दिशेने नको. सिलिलेशनचा रोटा आणि वजनकाटा एसीच्या खोलीत हलवता आला तर सगळ्यात उत्तम.

उन्हाळ्याचे आणखी दोन चटके. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी ४० अंशांच्या आसपास असतं. त्या पाण्यावर ॲस्पिरेटर चालवलात तर तो ५५ मिमीच्या खाली जाऊच शकत नाही, कारण त्या तापमानाला पाण्याचा बाष्पदाबच तेवढा. टोल्युइन रेंगाळतं आणि बाष्प उलट तुमच्या फ्लास्ककडे येतं. डायफ्राम किंवा ऑइल पंप वापरा, मधे ट्रॅप ठेवा. कंडेन्सरसाठी मोठ्या टबात बर्फाच्या बाटल्या टाकून कूलरचाच छोटा पंप बुडवा आणि तेच पाणी फिरवत राहा. चिलर नसलेल्या लॅबसाठी याहून स्वस्त इलाज नाही.

सिलिलेशन कसं करावं

एचएमडीएसची पद्धत स्वस्त. अमोनियम सल्फेटचे चार दाणे घालून रिफ्लक्स, आणि निघणाऱ्या अमोनियावर लक्ष. कंडेन्सरच्या तोंडाशी ओला लाल लिटमस धरा, निळा होईल. तो निळा होणं थांबलं, आणि गढूळ मिश्रण नितळ झालं, की सिलिलेशन पुरं. नितळ होण्याआधी घड्याळ पाहून थांबवू नका.

गार्ड ट्यूबमध्ये कॅल्शियम क्लोराइड भरायची सवय इथे सोडा. ते अमोनिया धरून बसतं, आणि पावसाळ्यात पाणी ओढून चिकट गोळा होतं. ट्यूब बुजली की खाली गरम फ्लास्क बंद, हे धोक्याचं. पोटॅशचे (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे) पॅलेट किंवा ऑइल बबलर चालेल.

मग एचएमडीएस पूर्ण काढायला हवं. उरलेलं एचएमडीएस आणि त्यात अडकलेला अमोनिया दोघेही ट्रायफ्लेटला धरतात. कोरडं टोल्युइन घालून दोनदा उडवा. आणि व्हॅक्यूम सोडताना रोटाच्या नळीला नायट्रोजनचा फुगा किंवा लाइन लावा. यील्ड परत आणणारा सगळ्यात मोठा बदल हाच. खर्च शून्य.

फुग्याबद्दलही सांगतो. लेटेक्सच्या फुग्यातून बाष्प हळूहळू आत झिरपतं. तासाभराच्या कामाला ठीक, रात्रभराच्या रिॲक्शनला जुलैत त्यावर विसंबू नका. नायट्रोजन लाइनवरची निळी सिलिका गुलाबी झालेली असूनही तशीच आठवडे राहते, हे तर प्रत्येक लॅबचं उघड गुपित.

काही ग्रॅमच्या आतलं काम असेल तर मी सरळ बीएसएची (बिस-ट्रायमिथाइलसिलिल ॲसिटामाइडची) वन-पॉट पद्धत सुचवेन. युरॅसिल, शुगर आणि बीएसए एकाच फ्लास्कमध्ये, कोरड्या ॲसिटोनायट्राइलमध्ये ६० अंशांपर्यंत गरम करायचं, नितळ झालं की थंड करून ट्रायफ्लेट. मधे रोटा नाही, व्हॅक्यूम सोडणं नाही, म्हणजे हवेला शिरायला जागा नाही. बीएसएच्या रेणूत दोन सिलिल गट असले तरी हिशेबाला एकच धरा. युरॅसिलला दोन इक्विव्हॅलंट लागतात, आपल्या हवेत अडीच ते तीन घाला. वरचं बीएसए पाणी टिपून घेतं. महाग आहे खरं, पण वाया गेलेल्या शुगरपेक्षा नाही. उरणारं ॲसिटामाइड वर्कअपच्या पाण्यात निघून जातं.

सॉल्व्हंट आणि ट्रायफ्लेट

ॲसिटोनायट्राइलसाठी ३ अँगस्ट्रॉमच्या चाळण्याच (मॉलेक्युलर सिव्हज) घ्या. ४ अँगस्ट्रॉममध्ये ॲसिटोनायट्राइल स्वतःच शिरून बसतं आणि पाण्याला जागा उरत नाही. नव्या डब्यातल्या चाळण्याही ओल्या असतात. २५० ते ३०० अंशांवर, शक्य असेल तर व्हॅक्यूममध्ये, काही तास तापवा आणि नायट्रोजनखाली थंड करा. २०१० मध्ये विल्यम्स आणि लॉटन यांनी सॉल्व्हंट कोरडे करण्याच्या पद्धती मोजून पाहिल्या, तेव्हा टीएचएफ आणि टोल्युइनसाठी या साध्या चाळण्या सोडियम-बेन्झोफिनोनपेक्षा सरस ठरल्या. ॲसिटोनायट्राइलही त्यांवर दोन दिवस ठेवलं की आपल्या कामापुरतं कोरडं होतं. सॉल्व्हंट निथळून घ्या, चाळण्या रिॲक्शनमध्ये येऊ देऊ नका. ट्रायफ्लेटसारखं आम्ल त्यांना खातं.

ट्रायफ्लेटची बाटली उजेडात धरा. चांगलं ट्रायफ्लेट रंगहीन असतं. तपकिरी असेल, किंवा सेप्टमभोवती पांढरी पुटं धरली असतील, तर आत ट्रायफ्लिक ॲसिड तयार झालंय. सुईच्या टोकाशी पांढरा धूर आणि बारीक स्फटिक दिसतात ते त्याच आम्लाचे हायड्रेट. हिवाळ्यात ते सुईच बुजवतात. कमी दाबाखाली डिस्टिल करा, ८० मिमीला ते ७७ अंशांच्या आसपास येतं. छोट्या ॲम्प्यूल मागवणं त्याहून बरं. हातमोजे आणि हूड याबद्दल वेगळं सांगायला नको, हे आम्ल कातडीला सेकंदात भाजतं.

शुगरही तपासा. एनएमआरमध्ये ॲनोमेरिक प्रोटॉनचा ६.४ पीपीएमजवळचा एकेरी शेंडा हवा. तो कमी होऊन दुसरीकडे काही उगवलं असेल, तर डब्यातच ॲसिटेट गेलाय. पुन्हा ॲसिटिलेट करा.

पाणी नाही, तरीही अडलंय

फ्लास्क नितळ आहे, तळाशी चुरा नाही, तरी शुगर अडकली. आता बेसकडे बघा. सायटोसिन किंवा ५-मेथॉक्सियुरॅसिलसारखे जास्त बेसिक बेस ट्रायफ्लेटला स्वतःशीच बांधून ठेवतात. शुगरला सक्रिय करायला ते मोकळं उरत नाही. इथे मात्र ट्रायफ्लेट वाढवणं बरोबर, आणि ॲसिटोनायट्राइलच वापरणं बरोबर, कारण डायक्लोरोइथेनमध्ये ही बांधणी आणखी घट्ट होते आणि नको त्या नायट्रोजनवर जोडणी वाढते. उलट ५-फ्लुओरोयुरॅसिलसारखे इलेक्ट्रॉन-गरीब बेस झटपट जातात. तिथे अडलं तर पुन्हा पाण्यावरच संशय घ्या.

प्रॉडक्टच्या वर पळणारा नवा स्पॉट दिसला तर शुगर जास्त पडलीय का पाहा. एकाच युरॅसिलच्या दोन्ही नायट्रोजनवर शुगर बसलेला तो पदार्थ असू शकतो. बेस थोडा जास्त ठेवा, शुगर नाही.

प्युरिनमध्ये खेळ निराळा. एन-७ आयसोमर (शुगर ७ नंबरच्या नायट्रोजनवर बसलेला) लवकर बनतो, एन-९ टिकाऊ असतो. म्हणून एन-६-बेन्झॉइल ॲडेनिनला घाई करू नका, उष्णता आणि वेळ मिळाला की एन-७ वाला सुटून एन-९ कडे वळतो. दोन्ही ओळखायला एचएमबीसी (दोन-तीन बंध दूरचा कार्बन दाखवणारा एनएमआर प्रयोग) घ्या: एन-९ मध्ये एच-१' चा धागा सी-४ आणि सी-८ शी लागतो, एन-७ मध्ये सी-५ आणि सी-८ शी. अल्फा-बीटासाठी नुसत्या कपलिंग कॉन्स्टंटवर निकाल देऊ नका. एनओईएसवायमध्ये (जागेत जवळ असलेले प्रोटॉन दाखवणाऱ्या एनएमआर प्रयोगात) एच-१' आणि एच-४' एकमेकांना दिसतात का, ते पाहा.

डिऑक्सी शुगर असेल तर वरचं अर्धं विसरा

२-डिऑक्सी शुगरमध्ये शेजारून आधार देणारा बेन्झॉएटच नाही. अल्फा-बीटा मिश्रण येणारच, आणि ते तुमच्या हाताचा दोष नाही. जेमसिटाबिनसारख्या औषधातही २' वर दोन फ्लोरिन असल्याने हीच अडचण, ॲनोमर (अल्फा-बीटा रूपं) वेगळे करण्यात निम्मा जीव जातो.

इथे क्लोरोशुगर वापरतात: ३,५-डायटोल्युऑइल, अल्फा-क्लोराइड. सिलिलेटेड बेसने मागून हल्ला केला की बीटा मिळतो. पण ॲसिटोनायट्राइलसारख्या ध्रुवीय सॉल्व्हंटमध्ये क्लोराइड स्वतःच अल्फा-बीटा पालटत बसतं. क्लोरोफॉर्म घ्या. प्युरिनसाठी सोडियम हायड्राइडने बेसचं मीठ करून जोडण्याची १९८४ ची काझिमिएर्झुक, कॉटम, रेवणकर आणि रॉबिन्स यांची पद्धत अजूनही चांगली चालते. ही क्लोरोशुगर खोलीच्या तापमानाला टिकत नाही, मग नागपूरच्या मेमध्ये काय टिकणार. गुलाबी झाली, ॲसिडचा वास आला, की फेकून द्या. करायची ती ताजी, ठेवायची ती उणे २० वर.

कॉलम आणि डिप्रोटेक्शन

उन्हाळ्यात डायक्लोरोमिथेनचा कॉलम लावू नका. ते ४० अंशांना उकळतं, सिलिकेत बुडबुडे येतात, कॉलम फाटतो आणि वेगळे झालेले बँड पुन्हा एक होतात. इथाइल ॲसिटेट-हेक्झेन घ्या. डायक्लोरोमिथेन टाळता येतच नसेल तर पहाटे लावा आणि काचेभोवती ओला पंचा गुंडाळा.

बेन्झॉइल काढायला कोरड्या मिथेनॉलमध्ये थोडं सोडियम मेथॉक्साइड पुरतं. मिथेनॉल ओलं असेल तर ते हायड्रॉक्साइड होऊन बेन्झॉएटचं मीठ करतं आणि रिॲक्शन मधेच थांबते. मग लोक मेथॉक्साइड ओतत जातात. आम्लाच्या रेझिनने उदासीन करताना पीएच ७ ला थांबा. त्यापुढे आम्लाकडे गेलात तर डिऑक्सी प्युरिनचा ग्लायकोसिडिक बंध तुटू लागतो. सुटलेलं मिथाइल बेन्झॉएट हेक्झेनमध्ये जातं, न्यूक्लिओसाइड पाण्यात.

मिथेनॉलमधला अमोनिया वापरत असाल तर जुनी बाटली मेमध्ये निम्मी मेलेली असते, अमोनिया उडून गेलेला. ताजा भरा, आणि रात्रभर ठेवलेला बंद फ्लास्क उघडण्याआधी बर्फात गार करा. उरणारं बेन्झामाइड इथाइल ॲसिटेटने धुऊन निघतं. ॲझासिटिडिन या न्यूक्लिओसाइड औषधाचं काम असेल तर पाण्याचं वर्कअप टाळा. त्यातली ट्रायझिन रिंग पाण्यात उघडते. मिथेनॉलमध्येच स्फटिक पडू द्या, गाळा, आणि फिल्टरवर असतानाच नायट्रोजनखाली वाळवा.